जिन्यात बसून घर पाहणारे दिघेकाका

दिघेकाकांबरोबर फ्लॅट बघायला जायचं म्हणजे डबा न्यावा लागायचा. फ्लॅट आतून बघून झाला, एजंटाने दार ओढून घेतलं, की काका म्हणायचे, "चला, आता घर बघू." आणि त्या परक्या इमारतीच्या जिन्यात, मधल्याच कुठल्या तरी पायरीवर रुमाल अंथरून बसायचे. मग सावकाश डबा उघडायचे. पोळी, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. आपण उभे, एजंट उभा. टोकदार बुटांचा एक पोरगेला एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "इज ही ओके? शुड आय कॉल समवन?"

मी म्हटलं, "ही इज ईटिंग."

माझं इंग्रजी तेव्हा तेवढंच होतं. आताही फार पुढे गेलंय असं नाही.

जिन्यात बसून काका काय बघायचे, तर कोण येतं, कोण जातं, आणि वाटेत एक म्हातारा माणूस जेवत बसलाय हे दिसल्यावर काय करतं. बास. बाकी ते काही विचारायचे नाहीत. छताची ओल, खिडक्यांची तावदानं, बॉयलरचं वय हे सगळं सर्व्हेयर बघतो म्हणायचे. "त्याला त्याचे पैसे मिळतात. जिना बघायचे कोणाला मिळतात?"

मी मिरजेची. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा, संदीप, नर्सिंग शिकलेला. त्याला लंडनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि त्याच्या व्हिसावर मीही आले. इथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी सांगितलं की वेम्बलीत ईलिंग रोडच्या मागे एक दिघे म्हणून एकटे गृहस्थ आहेत, खोली देतात. आम्ही दोन सुटकेसा घेऊन पोचलो तर हे खाली दारात उभे. उंच, वाळलेले, अंगात राखाडी ओव्हरकोट. बेल बिघडली होती म्हणून दोन जिने उतरून आले होते, गुडघे दुखत असताना. मला म्हणाले, "बाई, वर चढताना माझ्या मागून या. म्हणजे तुम्हाला दमायला वेळ मिळेल."

मी घाबरट आहे. आधीपासूनच. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पाकीट आलं तरी आत काय लिहिलंय ते संदीपने वाचून दाखवेपर्यंत मी त्याला हात लावत नाही. त्या दिवशी पहिल्या मजल्यावर काका थांबले, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "दमलो. पण चला." तेव्हा मला का कोण जाणे, हायसं वाटलं. या देशात कोणीतरी मोठ्याने दमतं, एवढंच बघून.

ते वाक्य त्यांचं रोजचंच होतं. बाजारात जाताना, डॉक्टरकडे जाताना, मंडळाच्या गणपतीला. दमलो, पण चला. मला ते अलकाबाई म्हणायचे, संदीपला संदीपराव. आम्ही त्यांच्या मुलांच्या वयाचे, तरी अरेतुरे कधी नाही. मी एकदा म्हटलं, "काका, नुसतं अलका म्हणा की." तर म्हणाले, "बाहेर तुम्हाला दिवसभर लव्ह आणि डार्लिंग म्हणणारे भेटतात. घरात एक तरी बाई म्हणणारा असू दे."

फ्लॅट बघायला जाताना ते टाय बांधायचे. डोळे मिटून खिडकीपाशी उभे राहायचे आणि ट्रेनचा आवाज ऐकायचे. तो आवाज त्यांना आवडायचा. एजंटाला एकच प्रश्न असायचा, आधीचे लोक का गेले. एजंट काहीतरी गोड सांगायचा आणि काका मान डोलवायचे. कोणी विचारलं, काका तुम्ही प्रॉपर्टीच्या धंद्यात होता का, तर म्हणायचे, "नाही, मी खोक्यात होतो." पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती.

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असंही नाही हं. त्यांच्या शब्दावरून एका कुटुंबाने हॅरोतला फ्लॅट घेतला नाही आणि पुढे तिथले भाव ऐकून त्या बाई मंडळात काकांशी बोलेनाशा झाल्या. पुण्याहून आलेली तरुण मुलं तर हसायचीच. "काका, आम्ही रिव्ह्यू वाचलेत सगळे ऑनलाइन." काका म्हणायचे, "वाचा की. वाचू नका म्हणालो का मी?" आणि तरी, ज्यांना दिवसभर घरात राहायचं होतं अशा बायका, त्या मात्र हळूच फोन करायच्या. काका, येता का जरा.

आमची वेळ आली तेव्हा संदीपची घाई चालली होती. मॉर्टगेजची कबुली मिळाली होती आणि तिची मुदत संपत आली होती. त्याने एक फ्लॅट पसंत केला, स्टेशनच्या अगदी जवळ, नुकताच रंगवलेला, स्वयंपाकघर चकचकीत. मलाही आवडला. काका जिन्यात बसले. कानात हेडफोन घातलेला एक माणूस आला आणि त्यांच्या पायांवरून ओलांडून वर गेला. खालच्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं, आम्हाला बघितलं, दार लावलं आणि आतून साखळी लावल्याचा आवाज आला. काकांनी पोळी संपवली, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "नको."

परतीच्या ट्रेनमध्ये संदीप फणकारला. "काका, एका डब्यावर घर सोडायचं? मी स्टेशनपासून अंतर बघतो, तुम्ही लोकांची तोंडं बघता!"

"संदीपराव, तुमचंही बरोबर आहे. तुम्ही तिथं झोपायला याल. राहणार आहेत या." आणि माझ्याकडे बोट केलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या राहण्याचा असा वेगळा विचार करायचा असतो, हे मलाही सुचलं नव्हतं.

शेवटी घेतला तो फ्लॅट आल्पर्टनच्या बाजूला, रुळांना लागून असलेल्या जुन्या विटांच्या इमारतीत. ट्रेन गेली की कपाटातल्या बश्या बोलतात. सर्व्हेयरचा रिपोर्ट वाचून माझी झोपच उडाली. पानोपानी काही ना काही खुसपट. काका म्हणाले, "म्हातारी इमारत आहे अलकाबाई, थोडी खोकणारच. छातीत काही नाही ना, एवढं विचारा." ते जिन्यात बसले होते तेव्हा वरच्या मजल्यावरून एक गुजराती आजी उतरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ठंडुं केम खाओ छो?" काही उत्तर द्यायच्या आत डबा उचलून घेऊन गेल्या. परत आणला तो वाफाळता, वर लसणाची चटणी. ती चटणी कशी केली ते मात्र त्यांनी मला सांगितलं, काकांना नाही. काका खाली मान घालून जेवत होते. मला वाटतं हसत होते.

आम्ही तिकडे राहायला गेलो आणि काका एकटे पडले. हे लिहायला सोपं आहे. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचे, आठवड्याची भाजी करून ठेवायचे. खोली पुन्हा भाड्याने द्या म्हटलं तर म्हणाले, "आता नव्या माणसाला चहात किती साखर हे शिकायची ताकद नाही." खाली उतरणं कमी झालं. मग एकदा बाथरूममध्ये घसरले, हाड मोडलं नाही पण धसका बसला. त्यांची मुलगी केतकी जपानहून धावत आली.

केतकी इथलीच, वेम्बलीतच जन्मलेली. ओसाकाजवळच्या एका गावात शाळेत इंग्रजी शिकवते. गेली कित्येक वर्षं तिथेच, एकटीच. मराठी बोलते ती धावत धावत, लिंगवचनाची पर्वा न करता. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "बाबा, मी तिथं एक फ्लॅट बघितला आहे. जुना आहे पण स्टेशन जवळ आहे. त्यात एक खोली जास्त आहे, तो तुमच्यासाठी."

काका म्हणाले, "कसला फ्लॅट?"

"तिथं त्याला मॅन्शन म्हणतात."

"ऐका अलकाबाई. पोरगी मला राजवाड्यात नेतेय."

त्यांनी हसण्यावारी नेलं, पण केतकी गंभीर होती. एकट्या म्हाताऱ्या वडलांना तिकडे न्यायची परवानगी सहजासहजी मिळत नाही म्हणे. तिने वकील गाठला होता, अर्ज घातला होता. आता प्रश्न एवढाच होता की काका जाणार का नाही. जाणार असतील तर ती तो फ्लॅट घेणार. नसतील तर तिच्या एकटीपुरती छोटी जागा तिला पुरे होती, आणि इथं काकांसाठी केअर होम बघावं लागणार होतं. काकांनी एक शर्त घातली. "आधी बघू दे मला. मी लोकांची एवढी घरं बघितली, स्वतःच्या पोरीचं न बघता घेऊ?"

ती परत गेली आणि तिथून व्हिडिओ कॉलवर घरदर्शन सुरू झालं. इथली रविवार सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकायचे; काका टॅबलेटपुढे टाय बांधून बसायचे.

जाहिरातीत लिहिलं होतं, स्टेशनपासून चालत इतकी मिनिटं. काका म्हणाले, "कोणाच्या पायांनी?" केतकीला कळेना. "अगं, तुझ्या पायांनी की माझ्या? माझ्यासारखी चालून दाखव." आणि त्या पोरीने खरंच, भर रस्त्यात, फोन छातीशी धरून, त्यांच्यासारखं पाय ओढत चालून दाखवलं. काका तिला टॅबलेटमधून ओरडून सांगत होते, "हां, आता थांब. आता मी दमलो असतो. बसायला काय आहे बघ." एका दुकानाबाहेर बाक होता. पुढे देवळासारखं काहीतरी होतं, त्याचा ओटा होता. काकांनी दोन्ही पास केले.

इमारत जुनी होती, पण भूकंपाचे कडक नियम आल्यानंतर बांधलेली. सगळे बिऱ्हाडकरू दर महिन्याला दुरुस्तीसाठी पैसे बाजूला टाकतात, हे ऐकून काका खूष झाले. "आपल्याकडे आधी पाइप फुटतो, मग मीटिंग." लिफ्ट होती. खोलीत, केतकीच्या शब्दांत, सकाळी छान ऊन येतो. मला वाटलं आता झालंच. मनातून मला काय वाटत होतं ते मी बाजूला ठेवलं होतं. मला ते जायला नको होते आणि ते इथं एकटे पडून राहायलाही नको होते.

मग काका म्हणाले, "आता जिन्यात बस."

"बाबा, जपानमध्ये असं नाही करत."

"इंग्लंडमध्ये तरी कुठे करतात? डबा आणलायस ना?"

तिने दुकानातून भाताचा एक गोळा आणला होता. ती बसली, फोन कठड्याला टेकवला. काका पुढे वाकून बघत होते, मीही मागे जाऊन उभी राहिले. एक बाई आली, केतकीकडे बघून वाकली, हळू आवाजात काहीतरी म्हणाली आणि निघून गेली. एक शाळकरी मुलगा आला, तोही वाकला. एक सूटवाला गृहस्थ वाकला. सगळे वाकत होते आणि कोणीही थांबत नव्हतं. शेवटी गणवेशातला इमारतीचा केअरटेकर आला. तो तर सगळ्यांपेक्षा जास्त वाकला आणि अत्यंत अदबीने त्याने सांगितलं की जिन्यात बसून खायची पद्धत नाही. केतकी लाल झाली. उठली, त्याच्यापुढे दहादा वाकली.

"वाकतात," काका म्हणाले. "थांबत नाहीत कोणी. नको बेटा. राहू दे."

तेव्हा केतकी भडकली. "बाबा, तुमचा जिना सगळीकडे नाही चालत! तुम्ही ऐकतच नाहीस!" आणि फोन बंद.

काका टॅबलेटच्या काळ्या काचेकडे बघत बसले. टाय सैल केला. मी चहा आणला तो तसाच गार झाला. मी भीत भीत म्हटलं, "काका, चांगली माणसं दिसतायत हो. पद्धत वेगळी असेल."

"अलकाबाई, बसा जरा," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. या फ्लॅटच्या आधी त्यांचा एक फ्लॅट होता. लग्न झाल्यावर बायकोला, शैलाकाकूंना, घेऊन आले तेव्हा घेतलेला. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. काकांनी बघताना दोनच गोष्टी बघितल्या, कारखान्याची ट्रेन आणि दुधाचं दुकान. सकाळी अंधारात जायचे, संध्याकाळी अंधारात यायचे. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. शैलाकाकू दिवसभर त्या घरात. त्या इमारतीत त्यांच्याशी कोणी बोलत नसे. शिव्या नाहीत, भांडण नाही, काही नाही. नुसतं बोलायचंच नाही. केतकी झाली तरी कोणी बघायला आलं नाही.

"जिन्यात पावलं वाजली की ती दाराशी जाऊन उभी राहायची," काका म्हणाले. "कोणाची आहेत ते तिला आवाजावरून कळायचं. आता लाल कोटवाली आली, आता वरचा म्हातारा. मला संध्याकाळी सांगायची, आज म्हातारा उशिरा आला हो. मला वाटायचं, बरं आहे, हिला शेजार आहे." त्यांनी टाय काढून घडी घातली. "तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं. ते मला फ्लॅट विकल्यावर कळलं. स्टेशन मी माझ्यासाठी घेतलं होतं. घर तिच्या वाट्याला आलं."

मी गार झालेला चहा पुन्हा तापवून आणला.

"आता केतकी सकाळी शाळेत जाणार, संध्याकाळी येणार. स्टेशन जवळ आहे, तिची सोय आहे. आणि मी घरात. भाषा येत नाही, ऐकू कमी येतं." मग जरा हसले. "शैला असती तर म्हणाली असती, आता बसा."

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. केतकी फोन करायची ती तब्येतीपुरता. तिकडच्या एजंटला ती थांबवून धरत होती. त्या फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. इकडे कौन्सिलची बाई येऊन केअर होमची माहिती ठेवून गेली. काका ती पत्रकं भाजीच्या देठांखाली पसरायला मला द्यायचे. थंडी लागली, खोकला लागला. मी रविवारच्या ऐवजी एक दिवसाआड जाऊ लागले आणि जिना चढता चढता माझ्या लक्षात यायचं की मी थकलेय, संदीप थकलाय, नाइट शिफ्टने त्याचं तोंड काळवंडलंय, आणि आपण हे फार दिवस असं करू शकणार नाही. हे काकांनाही कळत होतं. ते म्हणायचे, "नका येत जाऊ बाई एवढं." मी म्हणायचे, "मग जेवाल काय?" आणि भाजी चिरायला बसायचे.

एका रविवारी मी गेले तर टॅबलेट चालू होता आणि केतकी त्यात आधीच बोलत होती. आवाज बसलेला होता. "बाबा, आता मी बोलते, तुम्ही ऐका. मी पण त्या जुन्या फ्लॅटमध्ये होते. आईबरोबर. दारामागे. विसरलात?"

काका म्हणाले, "तू लहान होतीस."

"लहान होते, पण पाय ओळखायचा गेम आई माझ्याबरोबरच खेळायची. मला सगळं माहीत आहे. म्हणून मी स्टेशन बघून नाही घेत हा घर. मी जिना बघितला. पण इथं जिन्यात बसत नाहीत, बाबा. इथं जिना झाडतात."

तिने एक व्हिडिओ पाठवला होता. तिथली सकाळ म्हणजे इथली मध्यरात्र, म्हणून आधीच करून ठेवलेला. त्या इमारतीत महिन्यातून एका रविवारी सगळे बिऱ्हाडकरू एकत्र येऊन आवार झाडतात. केतकीने एजंटला विचारलं होतं, विकत घ्यायच्या आधी मला झाडायला येता येईल का? तो म्हणे इतका गडबडला की आपल्या साहेबाला फोन करायला बाहेर गेला. पण परवानगी मिळाली.

काकांनी चष्मा पुसला. मी मागे उभी राहिले. व्हिडिओत सकाळचं कोवळं ऊन होतं आणि पंधरावीस माणसं, बहुतेक म्हातारी, हातमोजे घालून, लांब दांड्याचे झाडू घेऊन पाचोळा गोळा करत होती. आणि बोलत होती. सगळी एकदम. ती वाकून निघून गेलेली बाई होती, ती केतकीच्या हातातला झाडू काढून घेऊन दुसरा, हलका झाडू देत होती. तो केअरटेकर कचऱ्याच्या पिशव्या बांधत होता आणि कोणीतरी त्याची चेष्टा करत होतं, कारण सगळे हसत होते. एका म्हाताऱ्याने केतकीला काहीतरी लांबलचक विचारलं.

"काय विचारतोय?" काका म्हणाले.

"विचारतो की तुमच्या घरात अजून कोण आहे. मी सांगितलं वडील आहेत, लंडनला. तो म्हणाला त्यांचे गुडघे कसे आहेत?"

"माझे गुडघे त्याला काय माहीत?"

"त्याला नाही माहीत. त्याचे दुखतात, म्हणून विचारलं."

काका टॅबलेटवर आणखी वाकले. व्हिडिओ पुढे चालला होता. मग म्हणाले, "हा म्हातारा वाऱ्याच्या विरुद्ध झाडतोय. सगळं परत येतंय त्याच्या अंगावर."

"मग तुम्ही येऊन सांगा त्याला."

"मला जपानी येतं का?"

"बाबा, झाडू दाखवून सांगा."

ते हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मला आठवतंय, मी हातातलं कोथिंबिरीचं देठ मोडत होते आणि नको म्हणा, हो म्हणा, नको म्हणा असं मनात चाललं होतं.

"केतू," ते म्हणाले, "माझं आता वय नाही गं. एकदा उपटून आलो, तेव्हा तरुण होतो. आता पुन्हा म्हणजे…"

"माहीत आहे, बाबा."

"आणि मी मेलो तर शैलाची राख इथल्या नदीत, माझी कुठल्या भलत्याच."

"माहीत आहे."

"तुला नक्की हवाय म्हातारा? शाळेतून थकून येशील आणि हा बसलेला."

केतकी म्हणाली, "बसलेला हवा. घरात आले की दिवा लागलेला हवा. मला पण कोणी नाही बाबा इथं. मी सगळ्यांसमोर वाकते फक्त."

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मी स्वयंपाकघरात गेले. तिथून ऐकू आलं. काका म्हणाले, "दमलो. पण चला. घे तो फ्लॅट."

पुढचं सगळं फार लवकर झालं. वेम्बलीचा फ्लॅट विकला गेला. ओव्हरकोट सोडून बाकी कपडे देवळाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दानाला गेले. भांडी मला मिळाली, आणि कढई देताना काका म्हणाले, "ही शैलाची. हिच्यात कांदा जास्त तळू नका, लागतो." मंडळातल्या, त्यांच्याशी न बोलणाऱ्या त्या हॅरोच्या बाईसुद्धा येऊन गेल्या. बोलल्या नाहीतच, पण चकल्या ठेवून गेल्या.

तिकडून त्यांचे फोन यायचे. सुरुवातीला फार थकलेला आवाज. मग कधी सांगायचे की झाडायला मला खुर्ची देतात आणि चिमट्याने कागद उचलायचं काम देतात. कधी सांगायचे की आठवडाभर कोणाशी बोललो नाही. दोन्ही खरं असणार. दोन हिवाळे त्यांनी तिथे काढले. मग एके सकाळी केतकीचा फोन आला. खालच्या मजल्यावरचा तो गुडघेवाला म्हातारा खांद्याला लागला म्हणाली. तिथे खांदा देतात का, कशी पद्धत असते, मी विचारलं नाही.

पण मला काका दिसतात ते फोनमधले नाहीत. हीथ्रोवरचे. केतकी न्यायला आली होती. संदीप शिफ्टवरून तसाच आला होता, उभ्या उभ्या पेंगत होता. काकांसाठी व्हीलचेअर सांगितली होती आणि ती ढकलायला एक धिप्पाड सरदारजी आला. काका आधी नाही नाही म्हणत होते, मग बसले आणि बसल्यावर एकदम लहान दिसायला लागले. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो लवकर उचललाच नाही, आणि मला वाटलं, यांचा धीर सुटलाय. यांना परत न्यावं. खरंच तोंडात आलं होतं माझ्या.

खुर्ची निघाली. केतकी ट्रॉली ओढत मागून चालत होती, वळून वळून हात हलवत होती. तिकीट बघणाऱ्या दारापलीकडे खुर्ची वळली तेव्हा काकांनी हात वर केला. संदीपने आणि मी, दोघांनीही एकदम हात वर केले. पण ते आमच्याकडे बघतच नव्हते. मान वर करून ते त्या सरदारजीला काहीतरी समजावून सांगत होते, हातवारे करून, आणि सरदारजीने खुर्ची थांबवली होती. लोक बाजूने वळून जात होते. तो खाली वाकून नीट ऐकत होता.